मुद्देमाल क्रमांक सतरा

पोलीस लाइनीच्या गच्चीवर
रंगाचे सात रिकामे डबे,
प्रत्येकात दोडक्याच्या तीन बिया.
पैकी वर आलेल्या : निरंक.
ही तिसरी खेप.

हाताला पंचनाम्याची सवय,
म्हणून वहीत लिहून ठेवलं :
पाणी दोन वेळा, प्रत्येकी एक तांब्या. ऊन भरपूर.
घटनास्थळी संशयास्पद काही आढळून आले नाही.
पाकिटावरचा दोडका मात्र
जामीन झाल्यासारखा हसत होता.

त्याच आठवड्यात रेवाप्पाला आणलं,
जतच्या पूर्वेकडून, पार सीमेजवळून.
मक्याच्या आड एकोणीस झाडं, डोक्याएवढी.
उपटली, मोजली, वजन केलं, पोत्यात भरली,
लाखेचं सील. क्रमांक सतरा.
माझ्याच अक्षरात.

रात्री दोनला ठाण्यात फक्त पंखा बोलतो.
गजांपलीकडं तो जागा, अलीकडं मी.
चहाचा अर्धा कप आत सरकवला
आणि कसं कोण जाणे, डब्यांचं बोलून गेलो.

"किती खोल गाडलासा?"
मी बोट दाखवलं. अख्खं.
"मढं पुरलं काय वो सायेब?
बी जेवढं जाड, त्याच्या दुप्पट माती. बास.
डब्याला भोकं हायती?"
नव्हती.
"मग पाणी जाणार कुठं? बुडून मेलं की ते.
आत बसून दम घेतंय बी, दिसत न्हाई एवढंच.
पाकीट कुठं ठिवलं हुतं?"
गच्चीवर. पत्र्याच्या पेटीत.
"उन्हाळाभर?"
उन्हाळाभर.
"भाजून खायचं तर तसं सांगायचं."

एवढी वर्षं प्रश्न मीच विचारत आलो.
उत्तर देताना घसा कोरडा पडतो
हे मला त्या रात्री कळलं.

शेवटी त्यानं हळूच विचारलं,
"मधनं उकरून बगितलासा?"
दर दोन दिवसांनी.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "सवय वो तुमची.
झडती घेतली की मोड मोडतोय."

सकाळी त्याला कोर्टात नेलं, तिथून सांगलीला.
मी लोहाराकडून सळई तापवून आणली,
सातही डब्यांना खालून भोकं पाडली.
नवं पाकीट. बी रात्रभर ओल्या फडक्यात.
नखाएवढी माती वर,
आणि स्वतःच्या हाताला सक्त ताकीद.

पाचव्या दिवशी मुद्देमाल खोलीची यादी पडताळत होतो.
टाकीचा पाइप कोपऱ्यात कधीपासून पाझरत होता,
कुणाच्या लक्षात नव्हतं.
पोतं सतरा. सील शाबूत.
शिवणीतून बाहेर
दोन पानं. करवतीसारखी नव्हे अजून,
गुळगुळीत, गोल, कुठल्याही रोपाची असतात तशी.
अंधाराला वाकून
दाराच्या फटीकडं तोंड करून उभी.

ना तांब्या, ना फडकं, ना कुणाची नजर.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
वजनात वाढ? मुद्देमालाशी छेडछाड?
साहेबांना कळवलं. ते आधी हसले, मग ओरडले.
पंचांसमोर पोतं हलवलं, पाइप बदलला,
पानांचीही नोंद केली. नियमच तसा.
चिमटीत धरून ती उपटताना
मुळाचा पांढरा दोरा
तागाच्या धाग्याला घट्ट बिलगलेला.
जरा ओढावंच लागलं.

घरी सुनंदा म्हणाली, "आज गप्प का?"
म्हटलं, पाइप फुटला होता.

नवव्या दिवशी गच्चीवर,
चौथ्या डब्यात माती तडकली होती.
खाली मान घातलेलं काहीतरी,
टरफल अजून डोक्यावर,
रिमांडला उभं केल्यासारखं.
बोट पुढं गेलं. मागं घेतलं.

संध्याकाळपर्यंत दोन झाली.
वहीत निरंक खोडून दोन केलं, खाली सही.
रेवाप्पाची पुढची तारीख पंधराला.
त्याला विचारायचं राहिलंय,
वेल आता कशावर चढवू.